मिरजेत नापास, दादरला दिवा

सकाळी ६.१०
दादर टी.टी. पंढरपूरहून रात्री सुटलेली ट्रॅव्हल्स अर्धा तास उशिरा आली आहे. क्लीनर डिकी उघडतो. पुढे केळीचे घड, मागे तीन फुगलेल्या गोण्या. पोती म्हणावीत एवढ्या मोठ्या, पण क्लीनर एकेका हाताने उचलून फुटपाथवर ठेवतो. आत वाळलेले भोपळे आहेत. पंधरा-पंधरा.
भाडं गोणीमागे तीनशे.
"अहो, वजन काय आहे याच्यात?" पेंटर विचारतो.
"वजनाचं कोण मागतंय? जागा किती खाल्ली ते बघा."
नऊशे रुपये मोजून दिले जातात. पेंटर पन्नाशीचा. जन्म लालबागचा, राहणं आता नालासोपाऱ्याला. पावसाळाभर परळच्या गणपतीच्या कारखान्यात असतो. तिथे डोळ्यांची आखणी करतो. अनंत चतुर्दशी झाली की कारखाना रिकामा. लग्नसराईत स्टेजचे पडदे रंगवायला बोलावणं येतं, पण ते तुळशीच्या लग्नानंतर. मधले दीड-दोन महिने तो शिवाजी पार्कात ताईंकडे भोपळे रंगवतो. दिवाळीला आता अठरा दिवस उरलेत.
टॅक्सीवाला गोण्या बघून मान हलवतो, मग कॅरिअरवर बांधू देतो. टिळक पूल ओलांडून पश्चिमेला. मीटर पंचावन्नच्या आसपास थांबतो. पेंटर ऐंशी देतो. वरचे कॅरिअरचे.

सकाळी ६.५०
शिवाजी पार्क जागं होऊन तास झाला असावा. कट्ट्यावर नेहमीचे आजोबा, कट्ट्याबाहेर चालणारे, आत नेट बांधणारी पोरं. माळी पाइपने पाणी मारतोय, पण एवढ्या मैदानाला ते पुरणार किती? १९२५ साली हे मैदान लोकांना खुलं झालं तेव्हा नाव माहीम पार्क होतं. दोन वर्षांनी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहाने, शिवाजी पार्क झालं. क्रिकेट, सभा, दसरा, सगळं या मातीने पाहिलं. पेंटरला तिच्याबद्दल फार प्रेम नाही. "ही लाल धूळ म्हणजे आपली दुश्मन," तो म्हणतो. का, ते चार वाजता कळेल.
पार्काच्या मागच्या गल्लीत तीनमजली जुनी इमारत. गोल कोपऱ्याच्या गॅलऱ्या, जिन्यापाशी नावांची लाकडी पाटी, पाटीखाली पुनर्विकासाच्या मीटिंगची नोटीस. तळमजल्याला गॅरेज. पूर्वी त्यात फियाट असायची. आता कारखाना आहे.

सकाळी ७.१५
ताई खाली येतात. साठीच्या आहेत. शाळेत चित्रकला शिकवायच्या. हातात चहाचा थर्मास आणि शिंप्याची टेप.
निवड सुरू होते. एकेक भोपळा गोणीतून निघतो. रंग मातकट, अंगावर बुरशीचे काळे-पांढरे डाग, नकाशासारखे. पेंटर बोटाच्या पेराने टकटक करतो. चांगला वाळलेला टणकन वाजतो. ओल राहिलेला बद्द. हलवला की आत बिया खुळखुळतात. मग टेप लावून घेर मोजायचा आणि अंगावर खडूने आकडा लिहायचा.
हा माल मुळात मिरजेसाठी लावलेला. पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर या भीमेकाठच्या पट्ट्यात सतार-तानपुऱ्याचे भोपळे पिकतात. हा भोपळा कडू. गुरं तोंड लावत नाहीत, माणूस तर नाहीच. वेलावर नीट पोसायचा, बसकण सरळ राहील असं बघायचं, काढून महिनोन् महिने वाळवायचा. मिरजेच्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारं सोडून तंतुवाद्यं हाती घेतली, तेव्हापासून मिरजेला हे भोपळे लागतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेचा कारागीर भोपळा निवडतो तेव्हा भीड ठेवत नाही. घेर हवा, गोलाई हवी, जाडी हवी. एका अंगाला कललेला, मान वाकडी झालेला किंवा नुसता लहान राहिलेला भोपळा बाजूला पडतो.
बाजूला पडलेले ताईंकडे येतात. नगाला सत्तर रुपये. चांगल्या तानपुऱ्याच्या भोपळ्याच्या किमतीशी याची तुलनाच नको.
पंचेचाळीसपैकी तीन किडीने पोखरलेले. दोन इतके पातळ की अंगठ्याने दाबले तर आवाज करतात. चाळीस राहिले.

सकाळी ८.००
पाण्याची वेळ. महापालिकेचं पाणी आहे तोवर दोन ड्रम भरून घ्यायचे. हे काम पोरीचं. माहीम कोळीवाड्यातून येते, कॉलेज संध्याकाळचं. तिला भोपळ्यामागे पन्नास मिळतात. धुऊन, खरवडून, आतून साफ करून द्यायचा.
भोपळा पाण्यात बुडत नाही. हाताने दाबून धरला तरी उसळी मारून वर येतो. म्हणून वर ओलं गोणपाट आणि त्यावर पाटा. अर्ध्या-पाऊण तासाने साल मऊ पडते. मग बोथट सुरीने वरचा पापुद्रा ओरबाडायचा. राहिलेलं तारेच्या घासणीने. पाणी चहासारखं होतं, मग काळं. पोरीने हातमोजे घातलेत, तरी बोटांची टोकं सुरकुततात. घासणी दहा रुपयांची, दोन भोपळ्यांत संपते. ती ताईंच्या खर्चात.
घासून झाल्यावर खालून पिवळट लाकडी अंग बाहेर येतं. बुरशीचे डाग पूर्ण जात नाहीत. काही भोपळ्यांवर ते इतके सुंदर उठतात की रंग देऊच नये असं वाटतं. ताईंनी एकदा तसे चार नुसते वॉर्निश करून ठेवले होते. एकही गेला नाही. लोक म्हणाले, डाग पडलेत.

सकाळी ९.३०
पेंटर ड्रिल हातात घेतो. पेनापेक्षा थोडं जाड, वायर असलेलं. काल साफ करून वाळवलेला मध्यम घेराचा भोपळा मांडीवर, मांडीवर आधी जुनी उशी. तळाला वाटीएवढं भोक काल करवतीच्या पात्याने कापून ठेवलंय. त्यातूनच दिवा आत जाणार.
आधी पेन्सिल. भोपळ्यावर सरळ रेघ मारता येत नाही. तो दोरी गुंडाळून आठ भाग करतो, मग प्रत्येक भागात अर्धं कमळ. कागदावरचं चित्र ताईंचं, पण भोपळा एका अंगाला फुगलेला असल्यामुळे तिथे पाकळी रुंद करायची, पलीकडे बारीक. "गणपतीच्या पोटावर पितांबराच्या चुण्या आखतो ना, तसंच," तो म्हणतो. "समोरून सारखं दिसलं पाहिजे. सारखं असायला नको."
मग भोकं. तीन मापांची. दीड, दोन आणि तीन मिलिमीटर. मोठ्या भोकांत नंतर काचेचे मणी बसणार. एका दिव्याला हजार-अकराशे भोकं पडतात. ही पद्धत तुर्कस्तानची. तिकडे किनाऱ्यावरच्या गावांत असे भोकं पाडलेले, मणी लावलेले भोपळ्याचे दिवे बाजारात टांगलेले असतात. ताईंनी मोबाइलवर पाहिलं, पेंटरला दाखवलं. भाषा दोघांनाही कळली नाही. हात कळले.
बिट काटकोनात धरायची. जरा तिरकी झाली की तुटते. तुटली की वीस रुपये. दर पाव तासाला मशीन तापतं, मग ते ओल्या फडक्यावर ठेवून पाच मिनिटं थांबायचं. त्या पाच मिनिटांत तो मान मोडतो, बोटं उघडतो-मिटतो.
गॅरेजच्या दुसऱ्या कोपऱ्यात पोरगी आतला गर काढतेय. वाळून जाळी झालेला. चमच्याचं टोक वाकवून केलेला आकडा, त्याने खरवडायचं, उलटा करून आपटायचं. धूळ उडते आणि ती कडू असते. तोंडाला मास्क, त्यावर ओढणी. तरी घशात उतरते. मी मास्कशिवाय दहा मिनिटं बसलो आणि नंतर प्यायलेला चहा कडू लागला. पोरगी हसली. म्हणाली, "दुपारचं जेवण पण कडूच लागणार आज तुम्हाला." लागलं.
बिया वेगळ्या डब्यात. शेतकऱ्याने परत मागितल्यात. पुढच्या गाडीने जातील.

दुपारी १२.५५
शेवटचं भोक. एकला ड्रिल बंद झालंच पाहिजे. वर पहिल्या मजल्यावरच्या आजी एक ते चार झोपतात आणि त्यांनी सोसायटीला तसं लेखी कळवलंय. त्यामुळे या कारखान्याचं वेळापत्रक वामकुक्षीने ठरवलंय. सकाळी आवाजाची कामं, दुपारी ब्रशची.

दुपारी १.००
डबे उघडतात. पेंटरकडे भाकरी आणि सुकटीची चटणी, पोरीकडे भात आणि कालची आमटी. ताई वरून कोशिंबीर पाठवतात.
पैशांचं बोलणं जेवतानाच निघतं. पेंटरला इथे दिवसाला नऊशे. गणपतीच्या शेवटच्या पंधरवड्यात चौदाशे मिळतात, पण तिथे रात्र धरून. अर्धा दिवस ड्रिल, अर्धा दिवस रंग. म्हणजे दिवसाला एक दिवा. तो स्वतःच बोटांवर मोजून दाखवतो. भोपळा सत्तर, गाडीभाडं वीस, धुलाई पन्नास. भोकांचे साडेचारशे, रंगाचे साडेचारशे. होल्डर, वायर, बल्ब लोहार चाळीतून घाऊक आणूनही एकशेसाठ. रंग, वॉर्निश आणि भुलेश्वरचे मणी मिळून एकशेदहा. खोका साठ. तेराशेसत्तर.
"आणि प्रदर्शनाचं भाडं?" पोरगी विचारते.
ते ताईंचं गणित. तीन दिवसांच्या स्टॉलचे साडेतेरा हजार. छोट्या वस्तूंवर थोडे टाकून दिव्याच्या डोक्यावर त्या तीनशे धरतात. विकायची किंमत एकोणीसशे. त्यात वीज, तुटलेल्या बिटा आणि तडकलेले भोपळे यायचेत. ताईंचा स्वतःचा हातही त्यात कुठे मोजलेला नाही.

दुपारी १.४०
रंग. कालचा भोकं पाडलेला दिवा समोर. पॉलिश पेपर आधी एकशेवीसचा, मग दोनशेवीसचा. फडक्याने पुसून पहिला हात. ॲक्रिलिक, गडद निळा. भोकांत रंग भरतो, तो टाचणीने एकेक मोकळा करायचा. हे काम कोणी बघत नाही आणि याला सर्वांत जास्त वेळ जातो. गणपतीच्या कारखान्यात कॉम्प्रेसरने स्प्रे मारतात, पाच मिनिटांत मूर्ती अंगभर रंगते. इथे स्प्रे मारला तर भोकं बुजतील.
निळा वाळेपर्यंत तो बाहुल्या घेतो. लहान, लांब मानेच्या भोपळ्यांच्या. ताईंनी नऊवारी, नथ, अंबाडा रंगवून ठेवलाय. डोळे पेंटरसाठी राखलेले. शून्य नंबरचा ब्रश. तो श्वास आत घेतो, थांबवतो आणि एका दमात वरची पापणी ओढतो. मग खालची. मग बुबुळ, त्यात पांढरा ठिपका. सहा बाहुल्या, बारा डोळे, वीस मिनिटं. आतापर्यंत रंगवलेले भोपळे होते ते. आता सहा जणी रांगेत बसून आपल्याकडे बघायला लागतात, आणि पोरगी त्यातल्या एकीला "काकू" म्हणून टाकते.
बाहुली अडीचशेला जाते. प्रदर्शनाचं भाडं खरं म्हणजे याच भागवतात.
दिव्यावर आता सोनेरी. पाकळ्यांच्या कडा, वर पैठणीच्या काठासारखी नारळी. ताई वारली काढत नाहीत. मला ते बरं वाटलं. कपावर, उशीवर, शौचालयाच्या भिंतीवर, सगळीकडे तीच तारप्यावर नाचणारी रांग फिरून फिरून बिचारी दमली असेल. गिऱ्हाईक मात्र मागतं. काल दोघींनी मागितलं.

दुपारी ४.००
आजी उठल्या. पण ड्रिल पुन्हा सुरू होत नाही. आता वॉर्निश.
पोरगी गॅरेजचं शटर खाली ओढते. खिडकीला ओली चादर. जमिनीवर पाण्याचा हबका. मैदानात सरावाची पोरं उतरली आहेत, चार-पाच नेट एकदम चालू आहेत आणि वारा समुद्राकडून येतोय. मैदानावरची लाल धूळ त्या वाऱ्याने थेट गल्लीत. ओल्या वॉर्निशवर बसली की रव्यासारखी चिकटते. मग परत घासा, परत रंग. आत पंखाही बंद. ऑक्टोबरचा उकाडा, बंद शटर, वॉर्निशचा वास. तिघे जण न बोलता सात भोपळ्यांना पातळ हात मारतात. पेंटर गंजी काढून खांद्यावर टाकतो. पाऊण तास.
जून ते सप्टेंबर हे काम होतच नाही. हवेत ओल असते, भोपळ्याला पुन्हा बुरशी येते. पेंटर तेव्हा गणपतीत असतो, म्हणून ते जमून गेलंय.

संध्याकाळी ५.१५
पार्काजवळचा एक हॉल. प्रदर्शनाचा पहिला दिवस. चाळीसेक टेबलं. साड्या, फराळाच्या ऑर्डरी, उटणी, चांदीचा मुलामा दिलेले करंडे. ताईंचं टेबल दारापासून आत, खांबाजवळ. दारालगतचं टेबल महाग. पेंटर शिडी लावून दिवे टांगतो. बटण दाबतो. खांबावर, छतावर आणि शेजारच्या साड्यांवर ठिपके पडतात. साडीवाल्या बाई तक्रार करत नाहीत. त्यांच्याकडेही लोक थांबायला लागतात.
पहिला प्रश्न: "प्लास्टिक आहे का?"
दुसरा: "दुधी का हा? कुजणार नाही?"
तिसरा: "बस्तरचं ना हे? आमच्याकडे आहे एक." बस्तरचे कारागीर तापवलेल्या सुरीने भोपळ्यावर नक्षी डागतात. हे ते नव्हे. ताई न कंटाळता सांगतात. उलटा करून आतलं अंग दाखवतात. पोरीने खरवडून गुळगुळीत केलेलं ते अंग कोणी बघत नाही. सगळे बाहेरचं सोनेरी बघतात.
एक जण दिव्याची चिठ्ठी उलटतो. "एकोणीसशे? अहो, रानडे रोडला दोनशेत कंदील मिळतो."
"घ्या ना तो," ताई म्हणतात. "तोही छान दिसतो." रागाने नाही. तो मग बाराशे म्हणतो. ताई अठराशे म्हणतात. तो फिरून येतो म्हणतो.
सत्तरीच्या पुढच्या एक बाई काठी टेकत येतात. न रंगवलेला मोठा भोपळा नमुन्यासाठी ठेवलाय, तो उचलतात. "अगं, हे पाठीला बांधून मी पोहायला शिकले. आमच्या विहिरीत." सोबतच्या नातीला खरं वाटत नाही. बाई तिच्या पाठीला भोपळा लावून दोरी कुठून कुठे जायची ते दाखवतात. स्टॉलवर गर्दी जमते. त्यांना तो साधाच भोपळा हवा असतो. ताई नव्वद सांगतात. बाई नव्वद देतात, घासाघीस न करता. आज विना घासाघीस गेलेली ही एकच वस्तू.

संध्याकाळी ७.३०
हॉल भरला. दोन बाहुल्या गेल्या, मग आणखी तीन. एक तोरण. क्यूआर कोडच्या डबीतून रकमेचा आवाज येतो, तो पोरीऐवजी आता पेंटरच कान देऊन ऐकतो. पोरगी कॉलेजला गेली. "फिरून येतो" म्हणालेला माणूस फिरून आला. सतराशेला दिवा नेला. खोक्यात घालताना पेंटरने वरची नारळी एकदा बोटाने चाचपून बघितली.

रात्री ८.२५
दिवे बंद. हिशेब. तीन दिवे, एकवीस बाहुल्या, चार तोरणं, एक साधा भोपळा. ताई पेंटरच्या हातावर नऊशे ठेवतात आणि पहाटेच्या टॅक्सीचे ऐंशी वेगळे.
आणि मग फोनचं सांगतात. दुपारी एका कंपनीतून आला होता. दिवाळीच्या भेटीसाठी पंचवीस दिवे. दहा दिवसांत. नगाला नऊशे. सगळे एका मापाचे हवेत.
"एका मापाचे?" पेंटर म्हणतो. "वेलाला सांगा."
पण सकाळचे खडूचे आकडे त्याच्या डोक्यात आहेत. सारख्या घेराचे अकरा निघतील. बाकीचे चौदा पंढरपूरहून मागवावे लागतील, सोमवारच्या गाडीने.
"तीन मापांची भोकं नाही जमणार," तो म्हणतो. "एकच माप. दीडशे-दोनशे भोकं. मणी नाही. रंग एकच, आधी स्प्रे मारतो, भोकं नंतर पाडतो. काठ नाही."
"काठ नाही तर त्यात राहिलं काय?"
"उजेड राहिला ना."
ताई बिलबुकाच्या पाठीमागे आकडे मांडतात. भोपळा, भाडं, धुलाई मिळून पस्तीसशे. वायर-होल्डर-बल्ब चार हजार. खोके दीड हजार. रंग हजार. दहा हजार गेले. साडेबावीसातले राहिले साडेबारा.
"माझे आठ दिवस धरा," पेंटर म्हणतो. "रात्र धरून. गणपतीचा रेट."
चौदाशे गुणिले आठ. अकरा हजार दोनशे. ताई वजाबाकी करतात, पेन्सिल टेबलावर ठेवतात, परत उचलतात.
"सात दिवसांत बसवा."
"सातात बसवतो. पण मग वरच्या आजींना तुम्ही सांगायचं. दुपारी ड्रिल चालणार."
ताई आजींचा नंबर शोधतात. पेंटर शिडी घडी करून खांद्यावर घेतो. गॅरेजमध्ये ठेवून त्याला स्टेशन गाठायचंय.